सांदवाडीतला मोह

आवाज पहिल्यांदा ऐकला तो गिरजाने. श्रावणातली सकाळ होती. पावसाने जरा उसंत घेतली होती आणि ती चुलीपुढे बसून झिंगे निवडत होती. तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडे कोणी ओला दोर पिळावा तसं काहीतरी करकरलं. एकदाच. मग सगळं गप्प. गिरजाचा हात झिंग्यांवर तसाच राहिला.

खाटेवरून सासूने, भागीरथाने, अर्ध्या वाकड्या तोंडाने विचारलं, "काय वाजलं व?"

"काई नाई माय. मांजर असन कवेलवावर."

मांजर तसं वाजत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं.

हात पदराला पुसून गिरजा मागच्या दाराने सांदवाडीत गेली. घराची मागची भिंत आणि शेजारच्या लटारूचा बैलांचा कोठा यांच्यामधली ही पट्टी. एक बैलबंडी कशीबशी वळेल एवढी रुंद, तरोट्याने माजलेली. तिच्या मधोमध मोहाचं झाड उभं होतं. तिघांनी हात धरले तरी कवेत मावू नये एवढा बुंधा. डोक्याच्या उंचीवर तो दुभंगून दोन थोर खांद्या निघाल्या होत्या. एक लटारूच्या कोठ्यावर गेलेली, दुसरी गिरजाच्या घरावर. जिथे त्या फुटत होत्या, त्या बेचक्यात आज एक काळी उभी रेघ दिसत होती. गिरजाने टाचा उंचावून पाहिलं. रेघ नव्हती ती. चीर होती. आतून तांबूस पाणी झिरपत होतं आणि तिच्या काठाला पांढऱ्या आळंब्या फुटल्या होत्या.

ती मागे सरली आणि वर पाहिलं. घरावरची खांदी तिच्या छपराच्या कवेलवांवर अशी ओणवली होती, की तिला उभ्या उभ्या घरात कोणीतरी वाकून बघतंय असं वाटलं.

हे घर घेऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. त्याआधी ते मासे धरणाऱ्या साऱ्या ढिवरांसारखेच तलावाच्या पाळीवर, बांधावर, झोपडीत राहत. इस्तारी, तिचा नवरा, डोंग्यातून जाळं टाकायचा. पाण्यात तो कोणाला भीत नसे. जमिनीवर मात्र कोणीही त्याला दरडावून जाई. भागीरथाला लकवा झाला, डावा हात आणि डावा पाय लाकडासारखे झाले, आणि त्या पावसाळ्यात झोपडीत पाणी शिरलं तेव्हा म्हातारीला पाठीवर घेऊन इस्तारीने रात्र काढली. तेव्हापासून गिरजाने ध्यास घेतला. भिंती पाहिजेत. कवेलू पाहिजेत.

मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, बुडाल्यावर मालगुजाराचे दिवाणजी गुणवंतराव सावरतळा गाव सोडून वडशाला पोराकडे धानाच्या धंद्यात निघाले. त्यांचं घर तलावाकडचं, ओलसर जागेतलं. गावातल्या मोठ्यांना ते नको होतं. गिरजाने अंगावरची सगळी चांदी उतरवली, आणि घर ढिवरांना मिळालं. गावात चार दिवस त्याचीच कुजबूज होती.

सौद्याच्या दिवशी गिरजाने दाराआडून विचारलं होतं, "भाऊजी, मागच्या सांदवाडीचं काय? आन् त्या झाडाचं?"

गुणवंतराव हसले होते. "अवो बाई, घर तुमचं झालं. आता मागं काय आन् पुढं काय. कोन मोजाले येते?"

इस्तारीने मान डोलावली. मान डोलवायची त्याला सवयच होती.

चैत लागताच मोह गळू लागला. पहाटे सांदवाडी फुलांनी पिवळी झाली. गिरजा आणि तिची लेक रंभा टोपली घेऊन वेचायला बसल्या, तर लटारूची बायको सुगंधाबाई आपली टोपली घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

"ह्या झाडाचा मोह आमीच वेचतो. मालगुजाराच्या टाइमपासून."

"आमाले मालूम नव्हतं, बाई."

"आता मालूम झालं ना?"

गिरजाने आपली टोपली तिच्या टोपलीत उपडी केली. रंभाने मुठीतली दोन फुलं तोंडात टाकली, तेवढीच त्यांच्या वाट्याला आली.

त्या झाडाला आता चीर गेली होती.

इस्तारी दुपारी जाळं घेऊन परतला तेव्हा गिरजाने त्याला मागे नेलं. त्याने चिरेत बोट घातलं. बोट पेरापर्यंत आत गेलं. मग बुंध्याभोवती फिरला. लटारूच्या बाजूने मातीला पोपडा सुटला होता आणि मुळाजवळची जमीन तव्यावर भाकर फुगावी तशी फुगली होती. तिथे पाय दिला तर खालून पोकळ वाटायचं.

"पडन का जी?" गिरजाने विचारलं.

"आज नाई पडत."

"आज नाई, मंग कदी?"

इस्तारीने बोट धोतराला पुसलं. मग म्हणाला, "लटारूभाऊले इचारतो. मोह त्यायचा हाय म्हनतेत ना. मंग तोडनंही त्यायचंच."

लटारू अंगणात बसून धानाच्या रोवण्यासाठी दोऱ्या वळत होता. कुणब्यांतला बऱ्यापैकी शेतीवाला, अंगाने रुंद, बोलायला हळू. इस्तारी अंगणाच्या कडेला उकिडवा बसला. गिरजा त्याच्या मागे उभी राहिली. इस्तारीने सांगितलं ते लटारूने दोरी न थांबवता ऐकून घेतलं.

"झाड तुमच्या मागं हाय. घर तुमी घेतलं. झाड तुमचं," तो म्हणाला.

"पन मोह तं तुमी..." इस्तारी चाचरला.

"मोह वेचनं वेगळं, इस्तारी. पडलेलं कोनीही वेचते. झाड थोडंच माहं होते?" त्याने दोरीला गाठ मारली. "आन् एक सांगून ठेवतो. माह्या कोठ्यावर खांदी आली आन् बैलाले काई झालं, तं ते तुमच्यावर. ऐन रोवन्यात बैल गेला तं मी काय करू? ते तुमीच पाहा."

गिरजाच्या तोंडावर शब्द आले होते. सुगंधाबाई दारात उभी होती आणि गिरजाकडे न बघता तांदूळ पाखडत होती. गिरजाने शब्द गिळले. येताना तिच्या मनात एक नवी भीती शिरली. आतापर्यंत झाड आपल्यावर पडेल एवढीच होती. आता ते दुसऱ्यावर पडलं तरी भरणार आपणच.

चौथ्या दिवशी इस्तारी सिंदेवाहीपर्यंत चालत गेला आणि छोट्या रेल्वेगाडीने वडशाला जाऊन गुणवंतरावांना भेटून आला. परतला तेव्हा संध्याकाळ होत होती. अंगावरून पाणी निथळत होतं. ओसरीत बसून तो पाय चोळत राहिला.

"भेटले?"

"भेटले. धानाच्या पोत्यायवर बसले होते. मले वर बस म्हनलं नाई."

"काय म्हनले?"

"म्हनले, मी भिंती इकल्या आन् छप्पर इकलं. झाड मालगुजाराचं होतं. मालगुजारी गेली, झाड सरकारात गेलं. आता मले काय इचारता, सरकारले इचारा." इस्तारीने धोतराचा सोगा पिळला. "मी म्हनलो, तुमीच तं म्हनले होते, मागं काय पुढं काय. तं हसले."

खाटेवरून भागीरथा म्हणाली, "हसनारच. आपन दिसलो का हसतेतच."

सरकार म्हणजे दोन माणसं होती. एक पटवारी, तो आठवड्यातून एकदा चावडीत बसे. दुसरा जंगलखात्याचा नाकेदार, तो पाळीपलीकडच्या नाक्यावर राही. इस्तारीने दोघांसाठी दोन मरळ धरल्या, जिवंत, गवतात गुंडाळून. रिकाम्या हाताने जायचं नसतं हे त्याला बापाने शिकवलं होतं.

पटवाऱ्याने मरळ ठेवून घेतली आणि सांगितलं, "जागा आबादीतली हाय का झुडपी जंगलातली, ते मोजनीशिवाय सांगता येत नाई. मोजनी पावसाळा सरल्यावर. पन झाड हाय ना? झाड असलं का नाकेदाराकडं जायचं."

इस्तारी गिरजाला घेऊन नाक्यावर गेला तेव्हा नाकेदार खाटेवर पडून बिडी ओढत होता. त्याने मरळ बघितली, पसंत केली, आणि मग उठून बसला.

"मोह हाय? खडा हाय?"

"हो जी. पन चीर गेली, साहेब. घरावर झुकला हाय. म्हातारी हाय घरात, लकव्याची."

"खड्या मोहाले कुऱ्हाड लावली का केस. पडलं तं पंचनामा होईन. तवरक हात लावायचा नाई."

"पन साहेब, पडल्यावर..."

"टोल्यावरचा चैतू मालूम हाय ना तुले?"

इस्तारीच्या तोंडचं पाणी पळालं. गिरजाच्याही. टोल्यावरच्या वस्तीतल्या चैतूला सारा गाव ओळखत होता. नांगराच्या इसाडासाठी, लांब दांड्यासाठी, त्याने एक सागाचं झाड पाडलं आणि त्याला चांद्याच्या तुरुंगात नेलं. मोहाची फुलं गळताना गेला तो धान कापणीला परत आला. तेव्हापासून कोणाशी बोलताना मान वर करत नव्हता आणि खोकला काही त्याला सोडत नव्हता.

"मालूम हाय, साहेब," इस्तारी म्हणाला.

"मंग झालं."

दोघं परत निघाले. पाळीवर आल्यावर गिरजा थांबली. तिथून गावातलं सगळ्यात उंच काय दिसत असेल, तर ते झाड. ढगांखाली काळंभोर, भरल्या पानांचं. पाण्याने जड झालेलं.

"चला, परत पाळीवर राहू," ती म्हणाली.

"कुठी? झोपडी मोडली आपन. त्या जागी लालसूनं झोपडी बांधली."

मग रोवणा सुरू झाला आणि पावसाची झडही सुरू झाली. गिरजा लटारूच्याच धानाच्या बांधीत मजुरीला जाऊ लागली. पोटरीपर्यंत चिखल, कमरेत वाकून दिवसभर रोपं खोवायची, पाठीवर पावसाचा मारा. बाकीच्या बाया गाणी म्हणत. गिरजाचे कान गावाकडे लागलेले असत. वाऱ्याचा झोत आला की तिचे हात थांबत. एकदा दूर कुठे वीज कडाडली तर तिने हातातला रोपांचा जुडगा टाकला आणि बांधावरून धावत सुटली. घरापाशी पोचली तेव्हा सारं जागच्या जागी होतं. भागीरथा खाटेवर होती, रंभा तिच्या पायाला तेल चोळत होती.

"काऊन आली व?" सासूने विचारलं.

"पानी प्यायला," गिरजा म्हणाली, आणि चिखलाच्या पायांनी परत गेली. त्या दिवशी लटारूने तिची अर्धी मजुरी कापली.

तिला आता झाडाची भाषा कळू लागली होती. साधा वारा असला की पानं सळसळत, त्याचं काही नव्हतं. पाऊस थांबला आणि वारा पडला की मात्र आतून बारीक आवाज येत. टक. टक. कोणी दातांनी हाड फोडावं तसे. मागच्या भिंतीला कवेलवापासून जमिनीपर्यंत तडा गेला. गिरजाने तो शेणामातीने बुजवला. दुसऱ्या दिवशी तो परत उघडला होता.

तिने भागीरथाची खाट उचलून पुढच्या ओसरीत नेली. तिथे छप्पर ठेंगणं होतं, पण झाडापासून लांब. तीन बाजूंनी पावसाचे शिंतोडे येत. म्हातारीची वाकळ ओली झाली आणि तिला खोकला धरला. रात्रंदिवस ती खोकू लागली.

"मले आत ने व," ती म्हणाली. "भिजून मरन्यापरस दबून मरनं बरं. झटकन तं होईन."

"असं नका बोलू, माय."

"मंग काय बोलू?"

इस्तारीने तिला परत आत आणलं, झाडापासून जितकं दूर जमेल तितकं, चुलीच्या बाजूच्या भिंतीला लावून. गिरजाला वाटलं आपणच तिला उचलून मरणाच्या तोंडी ठेवतोय. पण खोकला थांबला. एक भीती कमी झाली आणि दुसरी वाढली, एवढंच.

रंभाला मात्र तिने पाळीवर मावशीकडे पाठवून दिलं. पोरगी जाताना रडली. गिरजाने तिला रागे भरून काढून दिलं, आणि ती दिसेनाशी झाल्यावर जरा सैल श्वास घेतला.

झड थांबली ती पोळ्याच्या आधी. सकाळी ऊन पडलं. असं लख्ख की डोळे दिपावेत. वारा नव्हता. झाडाचं पानही हलत नव्हतं. गिरजाने कितीतरी दिवसांनी अंग सैल सोडलं. साऱ्या वाकळा, गोधड्या बाहेर काढून पुढच्या कुडावर वाळत घातल्या. सासूला भात भरवला. इस्तारी पहाटेच डोंगा घेऊन गेला होता.

"आज खुलं खुलं वाटून राह्यलं," भागीरथा म्हणाली.

"हो माय. वाकळ वाळली का तुमालेही ओसरीत बसवतो."

गिरजा वाकळ पालटायला बाहेर आली. एक टोक कुडावरून उचललं, तोच मागून आवाज आला. आधी करकर, मग कितीतरी कापडं एकदम फाडावीत तसा. गिरजा वळली. तिला घराच्या छपरावरून एक हिरवी भिंत खाली येताना दिसली. मग जमीन हादरली. कवेलू फुटून उडाले. धूळ, माती, पानं. आणि त्या धुरळ्यातून एकही माणसाचा आवाज नाही.

"माय! माय व!"

ती आत घुसली. घराचा अर्धा भाग आता घर नव्हता. पानंच पानं. छपराची कमान मोडून तिरकी झाली होती आणि तिच्यावर मांडीएवढे फाटे पसरले होते. चुलीच्या बाजूची भिंत उभी होती. तिच्या कोपऱ्यात, खाटेच्या मोडक्या लाकडात, भागीरथाचे डोळे चमकत होते.

"जिती हाव," ती म्हणाली. "पाय गुतला."

एक फाटा तिच्या डाव्या नडगीवर आडवा होता. त्याच्यावर छपराचं लाकूड, त्याच्यावर आणखी खांदी. गिरजाने हाताने लोटलं. काहीच हललं नाही. वरून मातीचा ढीग सरकून म्हातारीच्या छातीवर आला.

तोपर्यंत बाहेर माणसं जमली होती. लटारू, त्याचा भाऊ, दोनचार शेजारी. गिरजा बाहेर आली. तिच्या केसांत माती होती आणि कोपरातून रक्त गळत होतं.

"माय जिती हाय. फाटा तोडा, भाऊ. लवकर तोडा!"

कोणी पुढे आलं नाही.

"नाकेदाराले सांगावा धाडा," एकजण म्हणाला. "तो आल्याबिगर हात लावला तं..."

"त्याले याले किती टाइम लागते?"

"सरकारी झाड हाय, बाई. आपल्याले काय करता येते? उद्या कुऱ्हाड कोनाची म्हनून इचारतीन."

आतून भागीरथाचा खोकला आला. मातीने भरलेला, घोगरा.

गिरजाने लटारूकडे पाहिलं. लटारू त्याच्या कोठ्याकडे बघत होता. झाडाची दुसरी खांदी अजून उभी होती, पण अर्धा बुंधा फाटून गेल्यामुळे ती आता कोठ्यावर आणखी वाकली होती, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

गिरजा त्याच्याच कोठ्यात गेली. दाराशी आडव्या लाकडाला कुऱ्हाड लावलेली असते हे तिने रोज येता-जाता पाहिलं होतं. तिने ती काढली. कोणीतरी "अवो बाई" म्हणालं. ती थांबली नाही.

पहिला घाव घालताना तिच्या डोळ्यांपुढे चैतू आला. मान खाली घातलेला, खोकणारा. घाव लाकडाला चाटून जमिनीत गेला. दुसरा बसला. फाट्यातून पांढरा चीक आला आणि कच्च्या मोहाचा उग्र वास सुटला. ती वाकून, गुडघ्यावर बसून तोडत होती. कुऱ्हाड फिरवायला जागाच नव्हती. प्रत्येक घावाबरोबर भागीरथा डोळे मिटत होती.

"सांबाळून व," ती म्हणाली. "तो पाय माहा नाईच समज. त्याच्यात जीवच नाई. पन हा दुसरा सोड."

गिरजाला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही.

कधीतरी तिच्या बाजूला दोन रुंद हात आले आणि त्यांनी छपराचं लाकूड खालून पेललं. लटारू होता. दात आवळून, मान फुगवून, त्याने लाकूड खांद्यावर घेतलं. फाटा तुटला. दोघांनी म्हातारीला ओढून काढलं. तेवढ्यात इस्तारी पाळीवरून धावत आला, ओलाचिंब, एका हातात अजून जाळ्याची दोरी होती. आईला पाहून तो तिथेच खाली बसला.

डाव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं होतं. भागीरथाला ते दुखत नव्हतं. तिला पाणी पाजलं तेव्हा तिने आधी चूळ भरून माती थुंकली, मग विचारलं, "रंभा कुठी हाय?"

नाकेदार दुपार कलल्यावर आला. सोबत पटवारी होता. दोघांनी पडलेल्या खांदीभोवती फेरी मारली. पटवाऱ्याने नाकाला रुमाल लावला. नाकेदाराने तुटलेल्या फाट्यावर बोट फिरवलं. घाव ताजे होते.

"हे कोनं तोडलं?"

सगळे जमिनीकडे पाहू लागले.

"मी," गिरजा म्हणाली.

"खडं होतं का पडल्यावर तोडलं?"

"पडल्यावर. मायच्या अंगावर होतं."

"ते पाहू. झाड कोनाचं हाय?"

हा प्रश्न साऱ्या पावसाळ्यात पहिल्यांदाच सरकारने विचारला होता. गिरजाने लटारूकडे पाहिलं. मग पटवाऱ्याकडे. पटवारी आभाळाकडे बघत होता. तिने मोडक्या दाराच्या चौकटीला पाठ टेकली.

"माहं हाय," ती म्हणाली.

"गिरजे!" इस्तारी म्हणाला.

"माहं हाय, साहेब. आमी मागं-पुढं सारं घेतलं. कोनी घेत नाई, तं मी घेतलं."

नाकेदाराने तिच्याकडे पाहिलं. हसावं की ओरडावं ते त्याला ठरवता येईना.

"केस होईन, मालूम हाय ना?"

"मालूम हाय."

"बरं. मंग पडलेल्याले कोनी हात लावायचा नाई. आन् उभी हाय त्याले तं बिलकुल नाई. मी वरच्या साहेबाले इचारून उद्या येतो."

तो गेल्यावर माणसंही पांगली. घरात राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुगंधाबाईने आपल्या घरात या म्हटलं नाही, पण कोठ्याचा एक कोपरा झाडून दिला आणि सुकं तणीस पसरलं. भागीरथाला तिथे ठेवलं. बैल तिच्याकडे वळून वळून बघत होते. कोठ्याच्या कवेलवांच्या फटींतून वर पाहिलं की उभी खांदी दिसायची. आता एकाच बाजूने धरलेली, सगळा भार त्यांच्याच डोक्यावर. गिरजाने तणसावर अंग टाकलं आणि डोळे उघडे ठेवले.

सकाळी सुगंधाबाई दूध काढायला आली. दूध काढून झालं तरी ती गेली नाही. चरवी हातात धरून उभीच राहिली.

"गिरजाबाई," ती म्हणाली.

गिरजा चमकली. ह्या बाईने तिला नावापुढे बाई लावून कधी हाक मारली नव्हती.

"रातभर टकटक वाजून राह्यलं वर. तुमी ऐकलं?"

"ऐकलं."

"काल तुमी म्हनलं, झाड तुमचं." सुगंधाबाईच्या डोळ्यांत आज तोरा नव्हता, सरळ भीती होती. गिरजा ती ओळखत होती. सारा पावसाळा तिने तीच आरशात पाहावी तशी पाहिली होती. "तं काई करा ना, बाई. आमचे बैल हायेत. तुमची माय हाय. नाकेदाराचं काय, तो कदी येईन."

गिरजा उठून बसली. तिच्या तळहातांवरचे फोड रात्रीतून फुटले होते. तिने तळहात कपाळाला लावले, थंड वाटलं म्हणून.

"लटारूभाऊ कुठी हायेत?"

"अंगनात बसले हायेत. कालपासून जेवले नाई."

गिरजाने इस्तारीला हलवून उठवलं. "पाळीवर जा. मोठ्या जाळ्याचे दोर आना. लालसूले आना, दोघं-चौघं आना."

"काऊन?"

"झाड पाडाचं हाय. तलावाकडं पाडू."

इस्तारी उठून बसला. "गिरजा, उभं हाय ते. उभ्याची केस लय मोठी होते. चैतूचं काय झालं..."

"मालूम हाय जी मले. मले का भेव नाई लागत?" तिचा आवाज चिरकला. "पन भेव घेऊनच करा लागन. जा."

इस्तारी गेला. पाण्यात उतरताना तो जसा मागे न बघता जाई, तसाच गेला.

ढिवर आले. चार माणसं, खांद्यावर दोरांची वेटोळी. लालसू झाडावर चढला आणि उभ्या खांदीला उंचावर दोर बांधून उतरला. उतरताना त्याच्या भाराने बुंधा करकरू लागला. दोर सांदवाडीतून ताणून तलावाच्या बाजूला नेले. सुगंधाबाईने बैल सोडून दूर बांधले. भागीरथाला उचलून अंगणात आणलं. ती उन्हात डोळे बारीक करून बघत राहिली.

दोर ओढायला माणसं कमी पडत होती. इस्तारीने लटारूच्या अंगणाकडे पाहिलं. हाक मारायची त्याची हिंमत झाली नाही. लटारू आपणहून उठला, धोतर खोचलं, आणि येऊन दोराच्या शेवटच्या टोकाला उभा राहिला. त्याच्या मागे त्याचा भाऊही आला.

गिरजाने कुऱ्हाड उचलली. लटारूचीच होती. आज ती त्याने कोठ्याच्या बाहेर काढून आपल्या हाताने बुंध्याला टेकवून ठेवली होती.

तिने घाव घातले. तळहात जळत होते. कालच्यासारखा हात चुकला नाही. चीर रुंदावू लागली. आतलं लाकूड कुजून भुकटी झालेलं, ते ओंजळीने बाहेर पडत होतं. झाड एकदा कण्हलं. सगळे थांबले.

तेवढ्यात पाळीवर लालसूची बायको ओरडली, "आला व! नाकेदार येऊन राह्यला!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. पाळीच्या टोकाला खाकी टोपी दिसत होती. तिच्या मागे आणखी एक, वरचा साहेब असावा. ते इकडेच बोट दाखवत होते, आणि आता भरभर चालू लागले होते.

इस्तारीचे हात दोरावर सैल झाले. कुऱ्हाड टाकून लांब उभं राहायला गिरजाला एवढासा वेळ होता. तो वेळ गेला.

तिने दोराच्या टोकाला पाहिलं. लटारूनेही टोप्या पाहिल्या होत्या. मग त्याने दोराचा एक वेढा आपल्या कमरेभोवती घेतला आणि टाचा चिखलात रोवल्या.

"मार, बाई," तो म्हणाला.

गिरजाने कुऱ्हाड डोक्यावर नेली.